तीनशेपंधराचा धक्का

यज्ञेश्वर गोपाळकृष्ण पागनीस यांनी सन १९४८ पासून नऊ वर्षांत सरकारकडे सात अर्ज केले, आणि सातही अर्जांत एकच गोष्ट मागितली: आपण कारकून नाही, हे सरकारने लेखी मान्य करावे. पगारवाढ त्यांनी मागितली नव्हती, बदली मागितली नव्हती, सरकारी घरही मागितले नव्हते. उज्जैनच्या कचेरीत शस्त्रपरवाना शाखेच्या शेवटच्या टेबलाशी बसून ते बंदुकांच्या परवान्यांचे नूतनीकरण करीत, आणि ते इतके चोख करीत की वरिष्ठांना त्यांच्याविषयी एकच तक्रार करता येई; ती म्हणजे पागनीस फार तक्रारी करतात.

विलीनीकरणापूर्वी ते संस्थानच्या शिकारखान्यात शस्त्रपरीक्षक होते. त्यांचे घराणे दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेले. कोणी पागेचे दप्तर सांभाळले, कोणी दारूगोळ्याचे. यज्ञेश्वरांनी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. केले. त्या विषयाचा पदवीधर शिकारखान्याने त्यांच्याआधी पाहिला नव्हता. हंगामापूर्वी प्रत्येक रायफल आणि प्रत्येक पेटीतली चार काडतुसे तपासून ‘योग्य’ असा शेरा मारणे हे त्यांचे काम, आणि त्या शेऱ्यावाचून दिवाणसाहेबांच्या पाहुण्यालाही मचाणावर चढता येत नसे. मग संस्थान गेले. शिकारखान्याच्या हत्तींना नवे मालक मिळाले, तंबूंचा लिलाव झाला, आणि शस्त्रपरीक्षकाला ‘समकक्ष पद उपलब्ध नसल्याने’ कनिष्ठ लिपिकाची खुर्ची मिळाली. पुढे राज्यांची पुनर्रचना होऊन, संस्थान ज्यात विलीन झाले होते तो मध्यभारतही नाहीसा झाला, आणि चार प्रदेशांतल्या नोकरांची एक ज्येष्ठता-यादी तयार झाली. तीत पागनीसांचा क्रमांक एकशे एकेचाळीस होता. एकशे चाळिसाव्या क्रमांकावरचे गृहस्थ, पागनीस शस्त्रपरीक्षक असताना, शाळेत अंकगणितात नापास होत होते. हे पागनीसांना ठाऊक असायचे कारण एवढेच, की ती शिकवणी त्यांच्याच घरी चाले.

सातही अर्जांना जोडलेला पुरावा एकच होता: १९४५ सालचा काडतूस-तक्ता.

त्या वर्षी दरबाराने विचारणा केली होती की, शिकारखान्यात मध्यम जातीची चार प्रकारची काडतुसे आहेत, चारही कामाला जवळजवळ सारखीच. तर कोणते ठेवावे आणि कोणते काढून टाकावे हे शास्त्राच्या आधारे सांगा. पागनीसांनी अडीच महिने घेतले. कापडावर छपाई करणाऱ्या भैरवगढच्या छिप्यांकडून रंगाच्या चिंध्यांचे गठ्ठे आणून, ते भिजवून, एकामागे एक रचून, कोणती गोळी किती गठ्ठे भेदते ते पाहिले. शंभर आणि दोनशे यार्डांवर पांढरे पडदे लावून गोळी किती खाली येते ते मोजले. धक्का मोजायची युक्ती मात्र सर्वस्वी त्यांची. वडाच्या आडव्या फांदीला दोन लांब दोर बांधून रायफल त्यात आडवी टांगायची, दस्त्याला खडू बांधायचा, बाजूला काळ्या फळ्या उभ्या करायच्या आणि लांबून दोरीने चाप ओढायचा. गोळी पुढे जाई, रायफल झोपाळ्यासारखी मागे उसळे आणि जिथवर चढे तिथवर फळीवर खडूची रेघ उमटे. माणसाचा खांदा खोटे बोलतो, असे पागनीस म्हणत. सरदाराला धक्का कधी लागत नाही आणि शिपायाला तो सांगायची परवानगी नसते. खडूला यातले काहीच कळत नाही.

चारांपैकी दोन काडतुसे पुढे त्यांच्या आयुष्यात शिरून बसली. एक तीनशेपंधरा: दोनशे चव्वेचाळीस ग्रेनची बोथट नाकाची वजनदार गोळी, बेताचा वेग. दुसरे तीस-स्प्रिंगफील्ड: एकशे ऐंशी ग्रेनची निमुळती गोळी, वेग बराच अधिक. भिजल्या चिंध्यांत दोघांचा मार सारखा. शंभर यार्डांपर्यंत दोघांच्या गोळ्या एकाच पंजात मावत. दोनशेवर स्प्रिंगफील्डची गोळी चार इंच खाली येई आणि तीनशेपंधराची आठ. परंतु धक्क्यात जमीन-अस्मानाचे अंतर निघाले. स्प्रिंगफील्डची रायफल पंचवीस इंच चढली, तीनशेपंधराची साडेबेचाळीस. पागनीसांनी निष्कर्ष लिहिला: ‘तीनशेपंधरा. मार उत्तम; धक्का असह्य; नवशिक्यास सर्वथा अयोग्य.’ खाली दरबाराची मोहोर बसली. त्या मोहोरेशेजारी पागनीसांच्या नावापुढे ‘शस्त्रपरीक्षक’ हा शब्द होता, आणि तेवढ्या एका शब्दासाठी त्यांनी त्या तक्त्याच्या सात साक्षांकित नकला केल्या होत्या.

सातव्या अर्जाला अखेर माणूस भेटला. १९५७च्या जानेवारीत विभागीय वनाधिकारी म्हणून श्रीपाद मोघे उज्जैनला आले. मोघे नागपूरचे. पुनर्रचनेत त्यांचे नागपूर मुंबई राज्यात गेले आणि ते स्वतः मध्यप्रदेशाच्या वाट्याला आले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी पागनीसांना बोलावून घेतले. टेबलावर सातव्या अर्जाची फाईल उघडी होती.

“बसा पागनीस. इथे तुम्हांला कोणी बसा म्हणत नसेल, असं फाईल वाचून वाटतं.”

“म्हणतात साहेब. खुर्ची मात्र देत नाहीत.”

मोघे हसले. “मला वनरक्षकांसाठी चोवीस रायफली घ्यायच्या आहेत. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, गावकरी रोज माझ्या दारात. तीनशेपंधरा आपल्याच देशात बनतेय, काडतूस बारा आण्यांना पडतं. स्प्रिंगफील्ड बाहेरून आणायची, काडतूस पावणेदोन रुपयांना, आणि आयातीचा परवाना मिळाला तर मिळाला. माझं मन तीनशेपंधराकडे होतं. तेवढ्यात तुमचा हा तक्ता हाती आला.”

“तक्ता स्पष्ट आहे, साहेब.”

“स्पष्ट आहे म्हणूनच पंचाईत. माझे निम्मे वनरक्षक असे, की त्यांनी आजवर लाठी सोडून काही धरलेलं नाही. पहिल्याच गोळीला खांदा सुजला तर दुसऱ्या गोळीला डोळे मिटतील. तेव्हा मी स्प्रिंगफील्ड मागतोय. तक्ता प्रस्तावाला जोडतो. आणि योजनेत तांत्रिक साहाय्यकाचं एक पद आहे, त्यावर तुमचं नाव. ‘१९४५च्या तक्त्याचे कर्ते, भूतपूर्व शस्त्रपरीक्षक’ असं लिहिणार आहे. भूतपूर्व चालेल ना?”

पागनीसांनी क्षणभर विचार केला. “चालेल. तो शब्द कोणी पुसू शकत नाही.”

“एक नमुना भरून द्या फक्त. आमच्या नागपूरकडचा आहे, आता सगळ्या राज्याला लागू झालाय. तक्ता त्यात उतरवून सोमवारी आणा.”

नमुना पाहून पागनीसांच्या कपाळाला आठी पडली. त्यात सतरा रकाने होते. संस्थानच्या काळात जे सहा रकान्यांत सुखाने मावत असे त्याला नागपूरकरांनी सतरा घरे बांधून दिली होती: काडतुसाची लांबी, पेटीतली संख्या, साठवणीच्या खोलीचे तापमान. कचेरीतल्या सहकाऱ्यांना त्यांनी तो दाखवला आणि म्हणाले, “आणखी एक रकाना हवा होता. नमुना भरणाऱ्याचे उरलेले वय.” मग टेबलाशी बसून वळणदार अक्षरांत भरू लागले. आठ रकाने झरझर भरले. नववा होता: ‘ज्या रायफलीतून चाचणी घेतली तिचे वजन, पौंडांत.’

१९४५च्या तक्त्यात वजन नव्हते.

त्याचे त्यांना विशेष काही वाटले नाही. त्या रायफली विलीनीकरणानंतर मालखान्यात मोहोरबंद पडल्या होत्या, आणि मालखान्याच्या चावीची नोंदवही पागनीसांच्याच टेबलावर असे. शुक्रवारी दुपारी रीतसर परवानगी घेऊन ते आत गेले. जप्तीची अफू तोलायचा काटा कोपऱ्यात होता. पारड्यात गोणपाट अंथरून त्यांनी पाहुण्यांची स्प्रिंगफील्ड ठेवली: सव्वानऊ पौंड. मग तीनशेपंधरा ठेवली. ही घोडेस्वार शिपायांची आखूड कार्बाइन, नळी वीतभर कमी, दस्ता निमुळता. पावणेसात पौंड.

पागनीसांनी काटा पुन्हा शून्यावर आणला आणि पुन्हा तोलले. मग ते अफूच्या रिकाम्या पेटीवर बसले.

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते त्यांना आठवावे लागले नाही. ते आपोआप समोर उभे राहिले. काडतूस रायफलीला मागे ढकलते. दोन काडतुसे सारख्याच जोराने ढकलत असली, तरी ढकलली जाणारी वस्तू हलकी असेल तर ती जास्त उसळणार. रिकामी हातगाडी आणि भरलेली हातगाडी यांना एकाच माणसाने सारखाच धक्का दिला तर काय होईल हे टावर चौकातल्या कोणत्याही हमालाला विचारून घ्यावे. अडीच महिने खपून, खडूच्या रेघा मोजून, त्यांनी काडतुसांची तुलना केली नव्हतीच. त्यांनी दोन रायफलींची तुलना केली होती आणि निकाल काडतुसाच्या नावावर चढवला होता.

आणि ही चूक कशी झाली याचेही उत्तर तिथेच पारड्यात पडले होते. शिकारखान्यात शस्त्र माणसाच्या मानाप्रमाणे मिळे. पाहुण्याला आणि मानकऱ्याला लांब नळीची जड रायफल, कारण ती वाहायला मागे माणूस असे. शिपायाला हलकी आखूड कार्बाइन, कारण तो स्वतःच ती वाही. कोणते काडतूस कोणाच्या रायफलीत जाते हेही तसेच ठरून गेलेले. तीनशेपंधरा शिपायाचे, स्प्रिंगफील्ड पाहुण्याचे. ही व्यवस्था पागनीसांच्या घराने पिढ्यानपिढ्या दप्तरात उतरवली होती. पाहुण्याच्या रायफलीशी शिपायाच्या कार्बाइनची बरोबरी करताना आधी दोघींना एका वजनावर आणावे लागेल, ही गोष्ट त्यांना सुचली नाही याचे कारण बुद्धी कमी पडली हे नव्हते. त्या दोघी एका वजनाच्या असू शकतात, हेच त्या घरात कोणाच्या मनात कधी आले नव्हते.

संध्याकाळी फ्रीगंजमधल्या दोन खोल्यांच्या घरी कुसुमताई पोळ्या लाटीत होत्या. पागनीसांनी सगळे सांगितले. कुसुमताईंनी पोळी उलटली.

“मतलब, तो तक्ता चुकीचा आहे?”

“धक्क्यापुरता.”

“धक्क्यापुरता म्हणजे कशापुरता? बाकी तर दोन्ही सारखीच आहेत म्हणता.”

“म्हणजे निष्कर्षापुरता.”

“म्हणजे सगळाच,” कुसुमताई म्हणाल्या. “आणि हे कोणाला कळलंय?”

“मला.”

“तुम्हांलाच ना फक्त? त्या मोघेसाहेबांना वजनाशी काय करायचंय? दोन आकडे लिहा आणि द्या. कोण बघतंय नवव्या खान्यात? नऊ वर्षं तुम्ही त्या कागदाच्या भरोशावर भांडलात. माझ्या भावाच्या लग्नातसुद्धा तुम्ही त्याची नक्कल काढून व्याह्यांना वाचायला दिलीत.”

“त्यांनी मागितली होती.”

“त्यांनी पाणी मागितलं होतं.” कुसुमताईंनी तवा खाली उतरवला. मग आवाज जरा उतरला. “हे बघा, मी तुम्हांला खोटं लिहा म्हणत नाहीये. आकडे खरेच लिहा. पण त्याचा अर्थ सांगायला तुम्ही जाऊ नका. एवढं तर सरकारनं स्वतः करावं.”

पागनीस जेवले. कुसुमताईंची सूचना कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती, हे त्यांना मान्य होते. गेली नऊ वर्षे सरकार त्यांच्याशी नेमके असेच वागत आले होते: प्रत्येक आकडा खरा आणि त्याचा अर्थ सांगायला कोणी पुढे येत नाही.

शनिवारी त्यांनी मोघ्यांना चिठ्ठी पाठवली की, तक्त्याची फेरतपासणी रविवारी सकाळी नानाखेड्याच्या बाजूला, वन विभागाच्या रोपवाटिकेमागे करतो आहे; साहेबांनी कार्बाइन, रायफल आणि प्रत्येकी दहा काडतुसे यांची परवानगी द्यावी आणि शक्य तर यावे. मोघे आले. बरोबर माणिक होता. माणिक शिकारखान्यातला जुना घोडेस्वार शिपाई. आता रोपवाटिकेचा चौकीदार झाला होता आणि वाफ्यांना पाणी देई. पूर्वी त्याने वीस वर्षे हीच पावणेसात पौंडांची कार्बाइन पाठीवर वागवली होती. पागनीसांना पाहून त्याने जुन्या सवयीने सलाम केला आणि नव्या सवयीने हात जोडले.

वड नव्हता, चिंचेची फांदी होती. दोर बांधले, फळ्या उभ्या केल्या. पहिल्यांदा पागनीसांनी दोन्ही रायफली होत्या तशाच टांगून चाप ओढला. स्प्रिंगफील्ड पंचवीस इंच चढली, कार्बाइन बेचाळीसच्या वर. बारा वर्षांत खडू बदलला होता, रेघा त्याच जागी आल्या.

“झालं तर,” मोघे म्हणाले. “तक्ता बरोबर आहे.”

“आता हे पाहा, साहेब.”

पागनीसांनी पिशवीतून शिशाचा पत्रा काढला. मोजून अडीच पौंड. कार्बाइनच्या नळीखाली आणि दस्त्याभोवती तो सुतळीने आवळून बांधला, म्हणजे तिचे वजन स्प्रिंगफील्डइतके झाले. दोरी ओढली. आवाज तोच, गोळी तीच. कार्बाइन आळसटल्यासारखी मागे गेली आणि परत आली. फळीवरची रेघ मोघ्यांनी स्वतः मोजली. साडेबावीस इंच. पागनीसांनी आणखी तीन काडतुसे उडवली. बावीस, तेवीस, साडेबावीस.

मोघ्यांनी दोन्ही रायफलींच्या रेघा पुन्हा ताडून पाहिल्या. “म्हणजे सारख्या वजनावर तीनशेपंधराचा धक्का स्प्रिंगफील्डपेक्षा किंचित कमीच.”

“किंचित कमीच. देशात बनते त्या रायफलीचे वजन पावणेआठ पौंडांच्या आसपास आहे. त्यात हा धक्का बत्तीस इंचांच्या घरात जाईल. आठ पौंडांच्या साध्या स्प्रिंगफील्डचाही तेवढाच जाईल. डुकरावर साठ-सत्तर यार्डांपलीकडून कोणी गोळी घालत नाही, तेव्हा दोनशेवरच्या चार इंचांच्या फरकाला तुमच्या कामात अर्थ नाही. मार सारखा, धक्का सारखा. राहिली किंमत. एका स्प्रिंगफील्डच्या पैशात तीनशेपंधराची दोन काडतुसे येऊन वर चार आणे उरतात. ते दुसरे काडतूस सरावाला द्या. ज्या वनरक्षकाने चाळीस काडतुसे सरावात उडवली आहेत, तो डोळे मिटणार नाही.”

“माणिक,” मोघ्यांनी विचारले, “तू इतकी वर्षं ही कार्बाइन चालवलीस. धक्का काडतुसाचा की बंदुकीचा, कधी वाटलं तुला?”

माणिकने नळीचे तोंड चिंधीने पुसले. “साब, बंदूक हल्की थी, तो मारती थी। ये तो हम सब को मालूम था।”

“मग तक्ता करताना पागनीससाहेबांना सांगितलं नाहीस?”

“बाबूजी खडू से पूछ रहे थे,” माणिक शांतपणे म्हणाला. “हम से किसने पूछा?”

मोघ्यांना हसू आवरेना. पागनीस हसले नाहीत, पण ते वाक्य त्यांनी आपल्या वहीत, दिनांकासह, शब्दशः उतरवून घेतले.

परत येताना जीपमध्ये मोघे गंभीर झाले. “पागनीस, आपण दोघंही समजतो ना काय झालंय ते? प्रस्ताव मी बदलतो, तीनशेपंधरा मागतो. त्यात माझं नुकसान नाही, उलट पैसे वाचवले म्हणून वर नाव होईल. पण तुमची शिफारस मी ‘तक्त्याचे कर्ते’ म्हणून लिहिली होती. आता जुना तक्ता जोडू शकत नाही. जोडला तर विचारतील, हा तर उलटंच सांगतो.”

“जुना जोडा, आणि दुरुस्ती-पत्रही जोडा.”

“दुरुस्ती-पत्र तुमच्या सहीचं असेल.”

“माझ्याशिवाय कोणाच्या सहीचं असणार? चूक माझी आहे.”

“अहो, थोडं नरम लिहा. ‘नव्या परिस्थितीत फेरविचार’ असं काही. मी वरच्या कचेरीत बसलोय सहा वर्षं. ‘चूक’ हा शब्द एकदा फाईलवर चढला की उतरत नाही.”

“साहेब,” पागनीस म्हणाले, “मी नऊ वर्षं सरकारला लिहितोय की तुमच्या यादीत चूक आहे, ती कबूल करा. आता माझी चूक मी ‘फेरविचार’ म्हणून लिहिली, तर आठव्या अर्जात कोणत्या तोंडाने लिहू?”

 टावरजवळ पागनीस उतरले, तेव्हा मोघे एवढेच म्हणाले, “तरी मी शिफारस काढून घेत नाही. ठेवतो तशीच. पुढे बघू.”

सोमवारी पागनीसांनी नमुना दिला. सतराही रकाने भरलेले होते. सोबतच्या पत्रात पहिल्याच वाक्यात लिहिले होते की, ‘१९४५ च्या तक्त्यातील धक्क्याविषयीचा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण भिन्न वजनांच्या रायफलींची तुलना करताना वजनाचा विचार करण्यात आला नव्हता, ही चूक सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकर्त्याची आहे.’ दुसऱ्या परिच्छेदात, नागपूरकडच्या नमुन्यातील नवव्या रकान्यामुळे ही चूक उघडकीस आली, असेही लिहिले. हे वाक्य लिहायला त्यांना चुकीच्या कबुलीपेक्षा जास्त वेळ लागला.

चैत्रात तीनशेपंधराच्या चोवीस रायफलींना मंजुरी आली. ज्येष्ठात त्या आल्या. रोपवाटिकेमागे वनरक्षकांचा सराव सुरू झाला. पागनीसांना लेखी हुकूम आला की, कनिष्ठ लिपिक पागनीस यांनी आपले नेमून दिलेले काम सांभाळून रविवारी सरावास हजर राहावे. त्यांनी हुकमाची पोच देताना खाली लिहिले की, सांभाळण्यासारखे काम मला नेमून दिलेले नाही, तरी हजर राहतो. आणि ते राहिले. माणिकला त्यांनी पहिल्याच रविवारी वनरक्षकांसमोर उभे केले आणि म्हटले, “खांदा कसा लावायचा हे यांना विचारा. मला विचारायचं ते यांचं विचारून झाल्यावर.”

श्रावणात सातव्या अर्जाचे उत्तर आले. तांत्रिक साहाय्यकाचे पद मंजूर झाले होते आणि भरलेही गेले होते. त्यावर यादीतल्या एकशे बाराव्या क्रमांकाचे, चामडी उद्योग विभागातले एक गृहस्थ आले होते. पागनीसांच्या अर्जावर शेरा होता: ‘अर्जदार ज्या तक्त्याच्या आधारे शस्त्रपरीक्षक म्हणून तांत्रिक दर्जाचा दावा करतो, तो शस्त्रपरीक्षक या नात्याने त्याने केलेला तक्ता सदोष असल्याचे अर्जदाराने स्वतःच लेखी मान्य केले आहे. सबब दावा अमान्य.’

कुसुमताईंनी कागद दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या नाहीत की मी सांगितले होते. त्यांनी विचारले, “आता अपील करणार?”

“या शेऱ्यावर नाही,” पागनीस म्हणाले. “तक्ता सदोष होता, हे खरं आहे. नऊ वर्षांत सरकारने माझ्याविषयी लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य आहे.”

“मग झालं?”

“झालं कसं? पुन्हा वाच. तो सदोष तक्ता कोणी केला म्हणतात?”

कुसुमताईंनी कागद पुन्हा उचलला. वाचता वाचता त्यांचे बोट एका शब्दावर थांबले आणि त्यांनी वर पाहिले.

“कारकुनाने केला असं सरकार म्हणत नाही,” पागनीस म्हणाले. “कारकुनाच्या चुकीने शस्त्रपरीक्षकाचा दावा बाद होत नाही. ती चूक शस्त्रपरीक्षकाची होती, असं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. एवढंच मी मागत होतो.”

त्यांनी दौत पुढे ओढली, कोरा कागद घेतला आणि वर उजव्या कोपऱ्यात दिनांक घातला. पहिल्या ओळीत त्यांनी सरकारच्या कृपापत्राची पोच दिली. दुसऱ्या ओळीत लिहिले की, शासनाने उपरोक्त पत्रात अर्जदाराचे पद मान्य केल्याबद्दल अर्जदार आभारी आहे, आणि ज्येष्ठता-यादीत त्यानुसार दुरुस्ती करण्याविषयी हा आठवा अर्ज.

“‘आभारी आहे’ खोडा,” कुसुमताई मागून वाचत म्हणाल्या. “फारच होतंय.”

“राहू दे,” पागनीस म्हणाले. “ते मनापासून लिहिलंय.”